‘ताबडतोब’ म्हणजे किती वाजता? इंग्रजीतली घाई पोर्तुगीजमध्ये नेताना

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीचा कंटेनर ब्राझीलला, साओ पाउलूच्या खरेदीदाराकडे निघाला आहे असं धरू. जहाज सुटण्याआधी बिल ऑफ लेडिंगचा (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) ड्राफ्ट त्याने तपासून मंजूर करायचा आहे. पेढीवरून जाणारा इंग्रजी मेल ठरलेला असतो: ‘अर्जंट! प्लीज अप्रूव्ह द ड्राफ्ट बीएल इमिजिएटली, लेटेस्ट बाय फ्रायडे. वुई विल रिलीज इट ॲज सून ॲज वुई रिसीव्ह युवर कन्फर्मेशन.’ खरेदीदाराच्या ऑफिसात इंग्रजी जेमतेम, म्हणून हाच मजकूर पोर्तुगीजमध्ये हवा.

एवढ्याशा मजकुरात घसरण्याच्या चार जागा आहेत: अर्जंट, इमिजिएटली, बाय आणि ॲज सून ॲज. हळद, बेदाणा, द्राक्षं, पंप किंवा कास्टिंगच्या निमित्ताने सांगली, मिरज, कुपवाड, पलूसकडून पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांशी लिहिणाऱ्यांना आणि हे काम अंगावर घेणाऱ्या अनुवादकांना या चार जागा नीट ओलांडता याव्यात, यासाठी हा लेख आहे. हाच मेल शेवटी पूर्ण करून दाखवला आहे.

आधी उच्चारांबद्दल. इथले पोर्तुगीज शब्द देवनागरीत, मूळ लेखनाच्या जवळ ठेवून दिले आहेत. ब्राझीलमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ते’ बहुतेक भागांत ‘ची’ होतो आणि ‘दे’ ‘जी’ होतो. ‘उर्झेंते’ तिथे ‘उर्झेंची’ ऐकू येईल. पोर्तुगालमध्ये शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, म्हणून तिथे ‘उर्झेंत’. ‘प्राझु’तला झ आपल्या ‘झरा’सारखा आहे, पण ‘झा’ आणि ‘उर्झेंते’ यांतला झ ‘प्लेझर’ या इंग्रजी शब्दातल्यासारखा मऊ आहे. मेल लिहिताना मात्र पोर्तुगीज स्पेलिंग वरच्या चिन्हांसकट लिहायचं. चिन्ह गळलं की काही वेळा शब्दच बदलतो.

पहिलं काम: शब्द बाजूला ठेवा, घड्याळ काढा

घाईचा इंग्रजी शब्द दिसला की लगेच पोर्तुगीज प्रतिशब्द शोधू नका. आधी विचारा: हे काम नेमकं किती तासांत किंवा कोणत्या तारखेपर्यंत हवं आहे, आणि त्यानंतर झालं तर काय बिघडेल? ‘इमिजिएटली’ या शब्दात याचं उत्तर नसतं. पंपाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ दोन सेकंद असतो, ऑफिसच्या मेलमध्ये आज-उद्या, आणि करारात ‘वाजवी वेळेत’.

हे बँकांनी फार पूर्वीच ओळखलं आहे. लेटर ऑफ क्रेडिटचे (एलसी, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) जे आंतरराष्ट्रीय नियम 1 जुलै 2007 पासून लागू आहेत, त्या यूसीपी 600 च्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ असे शब्द, ते एखाद्या कागदपत्रातच असणं आवश्यक नसेल तर, विचारातच घ्यायचे नाहीत. त्याच कलमात ‘ऑन ऑर अबाउट’ म्हणजे दिलेल्या तारखेच्या 5 दिवस आधीपासून 5 दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून, असं ठरवून दिलं आहे. एलसीत ‘शिपमेंट इमिजिएटली’ लिहून घेतलं म्हणून माल लवकर निघत नाही. तारीख लिहून घेतली तरच निघतो. भाषांतराला हाच नियम लावावा, असं आमचं ठाम मत आहे: वेळ सांगण्याचं काम तारखेला आणि तासाला द्या. शब्दाने फक्त सूर सांभाळायचा.

तास ठरवताना दोन्हीकडची घड्याळं समोर ठेवा. सांगलीत संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा ब्राझिलियात आणि साओ पाउलूत सकाळचे साडेनऊ असतात. लिस्बनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेबारा आणि उन्हाळ्यात दीड, अंगोलाच्या लुआंडात दीड, मोझांबिकच्या मापुटोत अडीच. ब्राझीलने 2019 मध्ये उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) बंद केल्यामुळे तिथला साडेआठ तासांचा फरक वर्षभर कायम राहतो. सकाळी 11 ला सांगलीतून ‘आत्ताच उत्तर द्या’ असा मेल गेला, तर साओ पाउलूत पहाटेचे अडीच झालेले असतात. त्या शब्दाचा जोर तिथे पोचण्याआधीच संपलेला असतो.

दुसरं काम: मराठीतून जा

इंग्रजीतून थेट पोर्तुगीजकडे उडी मारण्यापेक्षा मध्ये मराठीत थांबणं फायद्याचं आहे, कारण घाईच्या बाबतीत मराठी फार बारीक फरक करते. आत्ताच्या आत्ता, ताबडतोब, आजच्या आज, लवकरात लवकर, सवडीने, हातातलं झालं की लगेच: यातला कोणता शब्द आपण फोनवर वापरला असता ते ठरवा. तिथून पोर्तुगीज पुष्कळ जवळ आहे.

‘आजच्या आज’ला ‘आईंदा ओझे’ हा पक्का जोड आहे. शब्दशः तो ‘अजून आज’ असा दिसतो, पण अर्थ ‘दिवस मावळायच्या आत’ असाच आहे. इंग्रजी ‘बाय द एंड ऑफ टुडे’साठी यापेक्षा चांगला शब्दप्रयोग नाही. ‘ताबडतोब’ला ‘इमेदियातामेंते’ किंवा ‘दे इमेदियातु’. ‘तातडीने’ला ‘कों उर्झेंसिया’. ‘लवकरात लवकर’ला ब्राझीलमध्ये ‘उ माइस रापिदु पोसीवेल’ किंवा ‘उ क्वांतु आंतेस’, पोर्तुगालमध्ये ‘उ माइस देप्रेसा पोसीवेल’, आणि अर्जासारख्या औपचारिक मजकुरात ‘कों आ मायोर ब्रेविदादे पोसीवेल’. ‘थोड्या वेळात’ला ‘दाकी आ पोउकु’. ‘लवकरच’ला ‘एं ब्रेवे’. ‘तूर्तास’ला ‘पोर एंक्वांतु’. आणि काम इतकं उशिरा सांगितलं आहे की ते कालच व्हायला हवं होतं, अशा वेळी दोन्ही देशांत ‘ए पारा ओंतें’ म्हणतात, म्हणजे ‘हे कालसाठी आहे’. हा प्रयोग ओळखीच्या माणसाशी बोलताना चालतो, पत्रात नाही.

इंग्रजीत ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ लिहिणाऱ्याला बहुतेकदा काम लवकर हवं असतं, पण शब्द सवडीचे असतात. त्याचं ‘क्वांदु ल्ये फोर कोंवेनियेंते’ केलं तर वाचणारा खरोखरच सवडीने करेल. ‘आसीं के ल्ये फोर पोसीवेल’, म्हणजे ‘तुम्हाला शक्य होताच’, हे जास्त बरोबर आहे. पुढे तारीख जोडली की कसलीच शंका उरत नाही.

‘झा’, ‘आगोरा’ आणि ‘लोगु’

या तीन छोट्या शब्दांवर जास्त वेळ द्यायला हवा. चुका इथे सर्वांत जास्त होतात, आणि शब्दकोशात तिघांसमोरही ‘आता, लवकर’ असंच काहीतरी लिहिलेलं सापडतं.

‘झा’ हा मराठीतल्या शेवटी लागणाऱ्या ‘च’सारखा आहे. ‘पाठवलंच’, ‘आलोच’, ‘आत्ताच ये’ यांतला तो ‘च’. त्याचा अर्थ क्रियापदाच्या काळावर ठरतो. भूतकाळाबरोबर ‘झा एंवियेइ’ म्हणजे पाठवून झालं आहे. आज्ञेबरोबर ‘वेन्या झा’ म्हणजे आत्ताच्या आत्ता या, आणि हा सूर चांगलाच करडा आहे. वर्तमानकाळाबरोबर ‘झा वोउ’ म्हणजे आलोच. दारात कुणी हाक मारल्यावर आपण जागचे हलायच्या आधीच ‘आलोच’ म्हणतो, ते जसंच्या तसं इथे बसतं. इंग्रजी ‘आय ॲम कमिंग’ शब्दशः नेऊन येण्याचं क्रियापद वापरलं तर चुकतं, कारण पोर्तुगीजमध्ये बोलणारा स्वतःकडून दुसरीकडे ‘जातो’.

ब्राझीलमध्ये ‘झा झा’ असं दोनदा म्हटलं की घाई वाढत नाही, उलट सैल होते: ‘थोड्याच वेळात, बघतो’. मराठीत द्विरुक्तीने जोर चढतो (लगोलग, आत्ताच्या आत्ता), म्हणून आपल्या माणसाची इथे हमखास फसगत होते. फोनवर ‘झा झा’ ऐकलं तर वेळ विचारून घ्या.

‘झा’चे जोडशब्द वेगळेच आहेत आणि ते तोडून वाचता येत नाहीत. ‘देस्दे झा’ म्हणजे आत्तापासूनच, आगाऊ. ‘आग्रादेसेमुस देस्दे झा’ म्हणजे आगाऊ आभार. पोर्तुगालमध्ये ‘पारा झा’ म्हणजे तूर्तास, पण तिथेच ‘ए पारा झा!’ म्हटलं की ‘हे काय, लगेच करतो!’ आणि पोर्तुगालमधलाच ‘झा आगोरा’ दिसायला ‘आत्ताच्या आत्ता’ वाटतो, अर्थ मात्र ‘बरं, विषय निघालाच आहे तर’ असा आहे. मेलमधलं ‘झा आगोरा’ने सुरू होणारं वाक्य तातडीचं समजून धावपळ करू नका.

सगळ्यांत महागात पडणारी जोडी नकाराची आहे. ‘आईंदा नांव’ म्हणजे अजून नाही. ‘झा नांव’ म्हणजे आता उरलं नाही. ‘आईंदा नांव ए उर्झेंते’ म्हणजे अजून तातडी आलेली नाही, ‘झा नांव ए उर्झेंते’ म्हणजे तातडी संपली. इंग्रजी ‘नॉट येट’ आणि ‘नो लाँगर’ यांची अदलाबदल झाली तर अर्थ बरोबर उलटा होतो. ब्राझीलमध्ये ‘झा नांव’ऐवजी ‘नांव … माइस’ अशी रचना जास्त चालते. इंग्रजी ‘येट’ प्रश्नात आला तर मात्र ‘झा’च हवा: ‘झा एंविओउ?’ म्हणजे पाठवलंत का?

‘आगोरा’ म्हणजे आत्ता. ‘आगोरा मेझ्मु’ आपल्या ‘आत्ताच’सारखा दोन्हीकडे बघतो: आत्ताच पाठवतो, आत्ताच पाठवलं. काळ क्रियापदावरून कळतो, म्हणून क्रियापद कधी गाळू नका. फक्त ‘आत्ताच पाठवलं’ असं निःसंशय सांगायचं असेल, तर ‘आकाबेइ दे एंवियार’ वापरा. इंग्रजी ‘आय हॅव जस्ट सेंट’साठी हाच पक्का रस्ता आहे. तिथे ‘जस्ट’साठी ‘फक्त’ या अर्थाचा ‘आपेनास’ घालू नका.

‘लोगु’ला मराठीत नेमका जोडीदार आहे: ‘मग’. ‘मग करतो’ म्हणजे नंतर. ‘जेवला आणि मग लगेच गेला’ म्हणजे पाठोपाठ. ‘पाऊस आहे, मग छत्री घे’ म्हणजे म्हणून. ‘लोगु’ही या तिन्ही अर्थांनी फिरतो. पोर्तुगालमध्ये नुसता ‘लोगु’ म्हणजे आज नंतर कधीतरी, बहुधा संध्याकाळी. ब्राझीलमध्ये नुसता ‘लोगु’ म्हणजे लवकरच, आणि ‘लोगु माइस’ म्हणजे आज थोडं नंतर. तर्काच्या वाक्यात तो ‘म्हणून’ होतो. एकच ‘लोगु’ लिस्बनला संध्याकाळ दाखवतो आणि साओ पाउलूला थोडा वेळ. व्यवहाराच्या पत्रात नुसता ‘लोगु’ लिहूच नये. ‘लोगु आपोस’, ‘लोगु देपोइस’ (लगेच नंतर) आणि ‘लोगु के’ (होताच) या जोड्या सुरक्षित आहेत.

‘बाय फ्रायडे’ आणि मुदतीचं गणित

इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘अंटिल’ वेगळे आहेत. पोर्तुगीजमध्ये दोन्हींना एकच शब्द, ‘आते’. मराठी माणसाला यात अडचण येऊ नये, कारण आपला ‘पर्यंत’ही असाच दुहेरी आहे: शुक्रवारपर्यंत पाठवा, शुक्रवारपर्यंत थांबा. क्रियापद नेमकं असलं की अर्थ उघड होतो. शंका असते ती शुक्रवार धरायचा की नाही याची. त्यासाठी तारखेनंतर ‘इंक्लुझिवे’ जोडा किंवा तास द्या. ‘शुक्रवारच्या आत’, म्हणजे गुरुवारीच, असं म्हणायचं असेल तर ‘आंतेस दे सेश्ता-फेइरा’.

देशानुसार इथे एक छोटा फरक पडतो. ब्राझीलमध्ये ‘आते उ दिया 14’ लिहितात, पोर्तुगालमध्ये ‘आते आउ दिया 14’. तासाच्या बाबतीतही तसंच. पोर्तुगालमध्ये ‘आते’नंतरच्या ‘आस’वर उलटी मात्रा (às) येते, ब्राझीलमध्ये ती पुष्कळदा देत नाहीत. अंगोला आणि मोझांबिकसाठी पोर्तुगालची पद्धत धरा.

वारांची नावं हा वेगळा खड्डा आहे. पोर्तुगीजमध्ये रविवार पहिला धरून मोजणी चालते. ‘सेगुंदा-फेइरा’, म्हणजे दुसरा, हा सोमवार, ‘तेर्सा’ मंगळवार, ‘क्वार्ता’ बुधवार, ‘किंता’ गुरुवार, ‘सेश्ता’ शुक्रवार. सोमवारपासून मोजायची सवय असलेला ‘क्वार्ता’ला चौथा वार समजून गुरुवार धरतो आणि मुदत एक दिवसाने हुकते. वारासोबत तारीख लिहिली की ही चूक दोन्ही बाजूंना दिसते.

‘विदिन 3 डेज’साठी ‘नु प्राझु दे 3 दियास’ हा सर्वांत स्वच्छ प्रयोग आहे. ब्राझीलमध्ये ‘एं आते 3 दियास’ही तितकाच स्पष्ट. ‘देंत्रु दे 3 दियास’ टाळा, कारण काही जण त्याचा अर्थ ‘तीन दिवसांच्या आत’ लावतात, तर काही ‘आजपासून तीन दिवसांनी’. ‘दाकी आ 3 दियास’चा अर्थ मात्र फक्त दुसरा. शिवाय दिवस कोणते तेही सांगा: ‘दियास ऊतेइस’ म्हणजे कामाचे दिवस, ‘दियास कोरीदुस’ म्हणजे सुट्ट्यांसकट सगळे. हा दुसरा शब्द ब्राझीलचा. पोर्तुगालमध्ये ‘दियास सेगीदुस’ किंवा ‘दियास दे कालेंदारियु’ समजतं.

‘ॲज सून ॲज’च्या मागचं क्रियापद

‘माल मिळाला की लगेच कळवतो.’ मराठीत गोष्ट पुढची असूनही क्रियापद भूतकाळाचं असतं. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ येतो. पोर्तुगीज या दोन्ही वाटांनी जात नाही. तिच्याकडे अजून न घडलेल्या, पुढे घडणार म्हणून धरलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं स्वतंत्र रूप आहे. व्याकरणात त्याला भविष्य संभाव्यार्थ म्हणता येईल. ‘आसीं के’, ‘लोगु के’ आणि ‘क्वांदु’ यांच्यामागे, काम पुढे व्हायचं असेल तर, हेच रूप लागतं.

नियमित क्रियापदांत हे रूप मूळ धातुरूपासारखंच दिसतं, म्हणून चूक लपते: ‘आसीं के रेसेबेर’, मिळताच. अनेकवचनी ‘आम्ही’ आला की शेपूट उघडं पडतं: ‘आसीं के रेसेबेर्मुस’. अनियमित क्रियापदं पाठच करावी लागतात: शक्य होणं ‘पुदेर’, असणं ‘फोर’, जवळ असणं ‘तिवेर’, करणं ‘फिझेर’. येण्याचं रूप ‘वियेर’ आहे आणि बघण्याचं ‘वीर’. ‘आसीं के वीर उ दोकुमेंतु’ म्हणजे कागद बघताच. ‘येणं’ या क्रियापदाचं मूळ रूपही ‘वीर’च असल्यामुळे चांगले शिकलेलेही इथे अडखळतात. या जागी साधा वर्तमानकाळ घातला, ‘आसीं के रेसेबे’, तर वाक्याचा अर्थ ‘जेव्हा जेव्हा मिळतं तेव्हा’ असा सवयीचा होतो आणि तातडी निघून जाते.

सूर: घाई कुणाच्या अंगावर टाकताय

इंग्रजी मेलमध्ये ‘प्लीज’ लावलं की आज्ञा सौम्य होते, असं आपण धरतो. ब्राझीलमध्ये ‘फावोर एंवियार’ चालतं, पण मराठीतल्या ‘कृपया पाठवावे’सारखं कोरडं लागतं. ‘सोलिसितामुस’ (विनंती करतो) आणि तारीख, हा मध्यम सूर दोन्ही देशांत व्यवस्थित पोचतो. पोर्तुगालला मायना अधिक औपचारिक हवा. तिथे कंपनीला ‘एश्सेलेंतीसिमुस सेन्योरेस’ने सुरुवात करतात, ब्राझीलमध्ये ‘प्रेझादुस’ पुरतं.

‘उर्झेंते’ हा शब्द एका मेलमध्ये एकदाच, तोही विषयाच्या ओळीत. मजकुरात त्याऐवजी कारण द्या: जहाज रविवारी सुटतं, द्राक्षं नाशवंत आहेत, बँकेची मुदत अमुक तारखेला संपते. कारण वाचल्यावर माणूस जास्त लवकर हलतो आणि भाषांतरही सोपं होतं.

इंग्रजी क्रियापद ‘अर्ज’ आणि पोर्तुगीज ‘उर्झीर’ मूळचे एक असले तरी काम वेगळं करतात. ‘वुई अर्ज यू टू पे’मध्ये ‘उर्झीर’ बसत नाही. तिथे ‘इंस्तामुस’ किंवा सौम्यपणे ‘पेदिमुस’. ‘उर्झे’ फक्त गोष्टीबद्दल म्हणतात: ‘उर्झे रेझोल्वेर उ प्रोब्लेमा’, हा प्रश्न सुटणं निकडीचं आहे.

पेढीवर पैसे बुडवणारे शब्द

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून आला, पगार आणि चावीही तिथूनच. पण ओळखीचे वाटणारे सगळे शब्द असे सरळ नसतात.

‘प्राझु’ म्हणजे मुदत. ‘नु प्राझु’ म्हणजे वेळेत. ‘आ प्राझु’ म्हणजे उधारीवर, हप्त्याने. ‘पेमेंट ऑन टाइम’चं ‘पागामेंतु आ प्राझु’ झालं, तर रोखीचा सौदा कागदावर उधारीचा होतो. रोखीला ब्राझीलमध्ये ‘आ विस्ता’ म्हणतात, आणि साइट एलसीलाही (कागद दाखवताच पैसे देणाऱ्या एलसीला) तोच शब्द लागतो. त्या ‘आ’वरची उलटी मात्रा लिहिणं आवश्यक आहे. पोर्तुगालमध्ये रोखीसाठी ‘आ प्रोंतु’ किंवा ‘प्रोंतु पागामेंतु’ चालतं.

‘प्रोंतु’ म्हणजे तयार. ‘प्रॉम्प्ट डिलिव्हरी’ लवकर पोचवण्याच्या अर्थाने असेल तर ‘एंत्रेगा रापिदा’, आणि माल गोदामात तयार आहे असं म्हणायचं असेल तर ब्राझीलमध्ये ‘प्रोंता एंत्रेगा’. पहिलं आश्वासन आहे, दुसरं साठ्याची माहिती. ‘प्रॉम्प्टली’साठी ‘प्रोंतामेंते’ बरोबर आहे.

‘एक्सपिडाइट द शिपमेंट’चं ‘एश्पेदीर’ करू नका. ‘एश्पेदीर’ म्हणजे रवाना करणं. वाचणाऱ्याला वाटेल की माल पाठवा म्हणताय, घाई करा म्हणताय हे कळणारच नाही. ब्राझीलला ‘आझिलिझार उ एंबार्के’, पोर्तुगालला ‘आसेलेरार’.

‘इव्हेंच्युअली’ आणि ‘एवेंतुआल्मेंते’ हे जुनं जाळं आहे. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘कदाचित, प्रसंगी’. ‘वुई विल इव्हेंच्युअली पे’ तसंच नेलं तर ‘जमलं तर देऊ’ असं पोचतं. तिथे ‘पोर फीं’ किंवा ‘आकाबार पोर’ची रचना करा. ‘ॲक्च्युअली’चं ‘आतुआल्मेंते’ होत नाही, त्याचा अर्थ ‘सध्या’. ‘दे रेपेंते’ म्हणजे अचानक, पण ब्राझीलच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘कदाचित’ही होतो. ‘इमिनेंते’ म्हणजे येऊ घातलेलं आणि ‘एमिनेंते’ म्हणजे थोर. एका स्वराने धोका सन्माननीय होतो.

मिरजेचे दवाखाने आणि ‘अर्जंट’चे 60 मिनिटं

मिरजेत दवाखान्यांची परंपरा जुनी आहे, तेव्हा वैद्यकीय कागद पोर्तुगीजमध्ये नेण्याची वेळ येऊ शकते. इथे वर सांगितलेली मोकळीक चालत नाही, कारण ‘उर्झेंते’ला ठरलेली मिनिटं आहेत. पोर्तुगालच्या आणि ब्राझीलच्या अनेक रुग्णालयांत मँचेस्टर पद्धतीने रुग्णांची वर्गवारी होते. लाल रंग म्हणजे तत्काळ. नारिंगी ‘मुइंतु उर्झेंते’ म्हणजे 10 मिनिटांत, पिवळा ‘उर्झेंते’ म्हणजे 60 मिनिटांत, हिरवा ‘पोउकु उर्झेंते’ म्हणजे 120, निळा ‘नांव उर्झेंते’ म्हणजे 240. पोर्तुगालमध्ये लाल गटाला ‘एमेर्झेंते’ म्हणतात. जिवावरचं दुखणं ‘अर्जंट’ म्हणून ‘उर्झेंते’ केलं, तर वाचणारा त्याला तासाभराच्या गटात टाकू शकतो.

ब्राझीलच्या वैद्यक परिषदेने 1995 च्या ठराव क्रमांक 1451 मध्ये ‘उर्झेंसिया’ आणि ‘एमेर्झेंसिया’ वेगळे केले. पहिल्यात जिवाला धोका असेल वा नसेल, पण उपचार लगेच हवेत. दुसऱ्यात जिवाला तात्काळ धोका किंवा तीव्र वेदना असल्याचं डॉक्टरने ठरवलेलं असतं. पाटीवरचे शब्दही देशानुसार बदलतात. पोर्तुगालच्या रुग्णालयातला तातडीचा विभाग ‘उर्झेंसिया’, ब्राझीलमध्ये ‘प्रोंतु-सोकोरु’. मदतीचा नंबर पोर्तुगालमध्ये 112, ब्राझीलमध्ये रुग्णवाहिकेसाठी 192.

पंपाच्या माहितीपुस्तिकेत

किर्लोस्करवाडीच्या पंपांमुळे हा भाग या जिल्ह्यात अनेकांच्या हाताखालून जातो. पुस्तिकेत सौजन्याला जागा नाही. ‘स्टॉप द पंप इमिजिएटली’ म्हणजे ‘देस्लीगे इमेदियातामेंते आ बोंबा’, क्रियापद पुढे आणि शब्द मोजके. इथे ‘लोगु’ किंवा ‘कों उर्झेंसिया’ लिहिणं घातक आहे. ‘इमिजिएटली आफ्टर’ म्हणजे ‘लोगु आपोस’ किंवा ‘इमेदियातामेंते आपोस’. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाला ब्राझीलमध्ये ‘पारादा दे एमेर्झेंसिया’, पोर्तुगाल आणि अंगोलात ‘पाराझें दे एमेर्झेंसिया’. एकाच पुस्तिकेत दोन्ही मिसळू देऊ नका. ‘इमिजिएट व्हिसिनिटी’साठी ‘नास इमेदियासोंइस’ हा तयार शब्द आहे. तिथे घाईचा काही संबंध नाही, फक्त जवळपणाचा.

आता तो मेल

विषयाची ओळ: ‘उर्झेंते: आप्रोवासांव दु कोन्येसिमेंतु दे एंबार्के आते 14 दे आगोस्तु’.

मजकूर: ‘प्रेझादुस, सोलिसितामुस आ आप्रोवासांव दा मिनूता दु कोन्येसिमेंतु दे एंबार्के आते आस 12 ओरास दे सेश्ता-फेइरा, दिया 14 दे आगोस्तु, ओरारियु दे ब्राझीलिया. उ नावियु पार्ते नु दोमिंगु, दिया 16. देपोइस देसे प्राझु, नांव सेरा माइस पोसीवेल फाझेर आल्तेरासोंइस. आसीं के रेसेबेर्मुस आ सुआ कोंफिर्मासांव, लिबेरारेमुस उ दोकुमेंतु नु मेझ्मु दिया. आग्रादेसेमुस देस्दे झा.’

म्हणजे: ड्राफ्टची मंजुरी शुक्रवार, 14 ऑगस्टला ब्राझिलियाच्या वेळेनुसार दुपारी 12 पर्यंत द्यावी ही विनंती. जहाज रविवारी, 16 तारखेला सुटतं. मुदतीनंतर बदल करता येणार नाहीत. तुमची मंजुरी मिळताच त्याच दिवशी कागद मोकळा करू. आगाऊ आभार.

‘इमिजिएटली’ला इथे प्रतिशब्दच दिलेला नाही. त्याचं काम 12 वाजण्याने आणि जहाजाने केलं. हाच मेल पोर्तुगालला जायचा असेल तर मायना बदला, ‘आस’वर उलटी मात्रा द्या, ‘ओरा दे लिज्बोआ’ लिहा, ‘नांव सेरा माइस’च्या जागी ‘झा नांव सेरा’ करा आणि ‘आ सुआ’च्या जागी ‘आ वोसा’. पाठवण्याआधी ब्राझिलियाचे दुपारी 12 म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेआठ, हे लक्षात घेऊन शुक्रवारी रात्री मेल बघायला पेढीवर कुणीतरी थांबेल अशी व्यवस्था करा. मंजुरी त्याच वेळी येईल, आणि कागद त्याच दिवशी मोकळा करायचं लिहून दिलेलं आहे.